दुष्काळाचा देह आणि साखरेचे पोते

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यात हळ्ळीखेड (बी) हे गाव आहे. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांस त्याचे नाव बहुधा अपरिचित असेल; परंतु श्रीमाणिकप्रभूंच्या समाधीच्या दर्शनास जे हुमनाबादेजवळ माणिकनगरास जाऊन आले असतील, त्यांस तो मुलूख स्मरत असेल. ज्वारी आणि तूर ही तेथली जुनी पिके. कन्नड, मराठी आणि उर्दू या तेथे सहज कानी पडणाऱ्या भाषा. याच हळ्ळीखेडात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बीदर जिल्ह्याचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या भूमीने शतकानुशतके धान्याची वाण सोसली, त्या भूमीत साखरेची पोती भरू लागली. मनुष्याचा देह आणि त्याचा काळ यांमध्ये जो विरोध उत्पन्न झाला आहे, तो समजून घेण्यास याहून बोलके स्थळ शोधावयास नको.

प्रथम दुष्काळाचे पाहू. पंधराव्या शतकात बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरास आली. त्या राजवटीतील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. अन्नान्न झालेल्या लोकांसाठी त्यांनी सरकारी कोठार उघडले. बीदरच्या बादशहाने त्यांस धरून आणविले. आणि विठू महाराच्या रूपाने साक्षात पांडुरंगाने धान्याचे मोल चुकते केले, असे परंपरा सांगते. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा घरोघरी पोहोचली. या कथेत देव धावून येतो तो राज्य देण्यास नव्हे, सोने देण्यासही नव्हे. तो येतो धान्याचा हिशेब चुकविण्यास! ज्या समाजाच्या मनात भुकेचे भय इतके खोल रुतलेले आहे, त्यालाच अशी कथा सुचते.

आणि ते भय निराधार नव्हते. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन व गुजरात होरपळून निघाले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. त्या वेळी सरकारी कामावरील मजुराची रोजी ठरविताना सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य पुरेसे मानले होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर वाटलेली सुकडी आणि परदेशची तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली, ते लोक अद्याप आपल्यांत आहेत.

अशा परीक्षांतून कोण तरले? ज्यांचा देह मिळालेला घास वाया जाऊ देत नसे, सुगीत खाल्लेले मेदरूपाने साठवून ठेवी आणि गोड दिसताच त्याकडे धाव घेई, त्यांस तरण्याची अधिक आशा, असे मानावयास जागा आहे. अरण्यात गोड चव म्हणजे पिकलेले फळ किंवा मध. ते वर्षातून थोडे दिवस मिळावयाचे. तेव्हा गोडाची ओढ हे शहाणपणच होते. जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली असा तर्क मांडला की, मधुमेहाचे मूळ देहाच्या या काटकसरी स्वभावात असावे. या तर्कावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो अद्याप मिटलेला नाही. तथापि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जे संशोधन केले, ते आपल्या घरचे म्हणून विशेष विचारार्ह आहे. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. परंतु आपले बाळ हाडामांसाने जितके कृश, तितके मेदाने कृश नव्हते. उपासमारीची तयारी जणू आईच्या उदरातच झालेली होती!

असा देह घेऊन आपण साखरेच्या काळात आलो. उसापासून खडीसाखर करण्याची विद्या प्राचीन भारताची. ‘शर्करा’ हा शब्दच अरबस्तानमार्गे युरोपच्या भाषांत गेला. पण पूर्वी साखर सणाची होती. यंत्राने ती रोजची केली. यात हळ्ळीखेडच्या शेतकऱ्याचा काय दोष? उसाने त्याच्या हाती रोख पैसा दिला. दोष जिभेचाही नाही; ती आपले जुनेच काम इमानाने करीत आहे. बदलले आहे ते सभोवारचे जग. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे सांगितले. ही दहा कोटी माणसे काही परकी नव्हेत. आपल्या पंगतीत प्रत्येक ओळीस त्यांतली कोणी ना कोणी बसलेली असतात.

मग उपाय? आपल्या पूर्वजांनी दुष्काळाची वाट न पाहता स्वेच्छेने उपाशी राहण्याचा नेम घालून घेतला होता, हे येथे स्मरावे. एकादशी ही देवाच्या जवळ राहण्याची तिथी खरी. पण तीच देहाला विसावाही देत होती. आज तिचे काय झाले आहे? साबूदाणा, बटाटा, शेंगदाणा, या उपवासाच्या तिन्ही जिनसा मूळच्या अमेरिकेतील वनस्पतींच्या. पोर्तुगीजांच्या काळानंतर त्या आपल्याकडे रुळल्या. त्यांची खिचडी परातभर करून आपण उपवासालाच मेजवानी केली. समाराधनेतील आग्रहाचेही तसेच. ज्या काळी पाहुण्याला उद्याच्या जेवणाची शाश्वती नव्हती, त्या काळी ‘आणखी एक वाढा’ म्हणणे हे खरोखर पुण्य होते. आज तोच आग्रह मधुमेही काकांच्या पानावर तिसरी जिलबी टाकतो, आणि प्रेमापोटी नाही म्हणणे त्यांस जड जाते.

अन्नदान थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. दामाजीपंतांनी कोठार उघडले ते उपाशी माणसासाठी. आजही जेथे भूक आहे तेथे ते उघडेच असावे. परंतु ज्याचे पोट भरलेले आहे, त्याच्यापुढे हात आवरणे हीही त्याच धर्माची दुसरी बाजू होय. देवळातला प्रसाद तळहातावर मावेल एवढाच का देतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? गोडाची ओढ तेवढ्याने तृप्त होते, आणि देवही. देहाला दुष्काळ संपल्याचे अद्याप कळलेले नाही. ते त्याला सांगण्याचे काम आता आपले आहे.