कलत्या उन्हातले वरंबे

इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या, म्हणजे लेस्टरशर, नॉर्थॅम्प्टनशर, वॉरिकशर या परगण्यांतल्या एखाद्या कुरणाचा भर दुपारचा फोटो पाहिलात तर गवत आणि मेंढ्या एवढेच दिसेल. सूर्य कललेला असताना त्याच जागेचा फोटो पाहा. जमिनीवर समांतर लाटा उठलेल्या दिसतात. ते मध्ययुगीन शेतांचे वरंबे आहेत.

यामागचे गणित साधे आहे. वरंबा ८ मीटर रुंद आणि ३५ सेंमी उंच धरा; त्याच्या बाजूंचा उतार साधारण ५ अंश येतो. ऊन वरंब्यांना आडवे येत असेल आणि सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असेल, तर उन्हाकडच्या बाजूवर पलीकडच्या बाजूच्या सुमारे तिप्पट प्रकाश पडतो. सूर्य ६० अंशांवर गेला की हा फरक जेमतेम एक दशांश उरतो. ऊन वरंब्यांच्या लांबीच्या दिशेने येत असेल, तर दोन्ही बाजू सारख्याच उजळतात आणि काहीच दिसत नाही. म्हणून एका फोटोवरून ‘इथे काही नाही’ असे लिहू नका.

आपल्याकडच्या उसाच्या सरी-वरंब्याशी याची गल्लत करू नका. तो पाण्यासाठी मुद्दाम पाडतात. हा वर्षानुवर्षांच्या नांगरटीने साचत गेला. तिथला जड नांगर माती एकाच बाजूला, उजवीकडे, उलटवत असे. पट्ट्याभोवती फेरे मारताना माती दरवेळी मध्याकडे सरके. बैलांच्या अनेक जोड्यांची लांब रांग टोकाला एकदम वळवणे अवघड, म्हणून वळण आधीच सुरू होई. त्यातून पट्ट्याला उलट्या ‘एस’ अक्षराचा बाक आला. (मैलाच्या आठव्या भागाला आपणही म्हणत असू तो ‘फर्लांग’ मूळचा नांगराच्या तासाची लांबी.)

हा बाक हाच ओळखीचा मुख्य धागा. सरळ, अरुंद वरंबे बहुधा १८व्या-१९व्या शतकांतले असतात. पण केवळ आकारावर थांबू नये. मॉरिस बेरेसफर्ड यांनी १९४८ च्या लेखात, शेते कुंपणांनी बंदिस्त होण्यापूर्वीचे पट्ट्यांचे नकाशे जमिनीवरच्या वरंब्यांशी ताडून पाहिले. ते पुष्कळ ठिकाणी जुळले. माझ्या मते या विषयातले सर्वांत भक्कम काम हेच. फोटो जागा दाखवतो. ते शेत कोणत्या काळातले, हे नकाशा आणि दप्तर सांगते.

हे वरंबे टिकले, कारण ती जमीन पुढे मेंढ्यांच्या कुरणाला गेली आणि पुन्हा नांगरली गेली नाही. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी कुरणे नांगरायला घेतली, नंतर ट्रॅक्टर आले. पुष्कळ वरंबे काही हंगामांत सपाट झाले. रॉयल एअर फोर्सने युद्धानंतर विमानातून काढलेल्या फोटोंत यांतले अनेक अजून दिसतात. जमिनीवर आज तिथे गहू उभा असतो.