हप्ता कर्जाचा, मलिदा कमिशनचा

२०१७च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या टीव्हीवर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचं नुसतं डोकं झळकू लागलं. धड नाही, हातपाय नाहीत. एक रबरी, यांत्रिक डोकं लोकांच्या मागे मागे फिरत होतं आणि काय तो निर्णय लवकर घ्या म्हणून दरडावत होतं. जाहिरात सिनेमाची नव्हती, बँकेचीही नव्हती. ती दिली होती देशाच्या वित्तीय नियामकानं, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीनं. जुन्या कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे परत हवे असतील तर २९ ऑगस्ट २०१९च्या आत मागा, एवढाच तिचा निरोप. दोन वर्षांच्या या मोहिमेचा ४ कोटी २२ लाख पौंडांचा खर्च ज्यांच्याविरुद्ध तक्रारींचा ढीग पडला होता अशा १८ कंपन्यांच्या माथी पडला. ग्राहकांनी आपल्याकडून पैसे वसूल करावेत म्हणून बँकांनीच जाहिरातीचे पैसे भरायचे, अशी ही वेळ.

या विम्याचं नाव पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. ब्रिटनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक झालेलं त्याचं लघुरूप पीपीआय.

मूळ कल्पनेत खोट नव्हती. कर्जदार आजारी पडला, अपघातानं अंथरुणाला खिळला किंवा त्याची नोकरी गेली, तर काही काळ कर्जाचे हप्ते विमा कंपनी भरणार. घरकर्ज, वैयक्तिक कर्ज, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड, मोठ्या दुकानांची उधारीची कार्डं अशा सगळ्यांना ही जोड दिली जाई. काही पॉलिसी थेट १९७०च्या दशकातल्या आहेत, पण खरा सुकाळ १९९० ते २०१० या वीस वर्षांतला. एकूण ६ कोटी ४० लाखांपर्यंत पॉलिसी विकल्या गेल्या असाव्यात, असा नियामकाचा अंदाज आहे. २०१०च्या सुमारास ब्रिटनची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती.

एवढा खप का झाला, याचं उत्तर विम्यात नाही, कर्जाच्या बाजारात आहे. कर्ज घेणारा माणूस जाहिरातीतला वार्षिक व्याजदर पाहून बँक निवडत असे. त्यामुळे दर कमी दाखवण्याची चढाओढ होती. विमा ऐच्छिक असला की त्याचा खर्च या दरात धरावा लागत नसे. मग कर्ज स्वस्तात द्यायचं आणि कसर विम्यात भरून काढायची, ही रीत पडली. स्पर्धा आयोगानं पुढे या धंद्याचा हिशेब मांडला. २००६ साली वाहनविम्यात जमा हप्त्यांपैकी सुमारे ७८ टक्के रक्कम दाव्यांपोटी ग्राहकांकडे परत जात होती, घराच्या विम्यात ५४ टक्के. पीपीआयमध्ये हे प्रमाण होतं १४ टक्के. उरलेल्या रकमेचा मोठा वाटा कमिशन म्हणून कर्ज देणाऱ्याच्याच तिजोरीत जमा होई.

सर्वांत महागात पडला तो एकरकमी हप्त्याचा प्रकार. यात पाच वर्षांच्या विम्याचा सगळा हप्ता पहिल्याच दिवशी आकारला जाई आणि ग्राहकाच्या हातात तेवढे पैसे नसल्यानं तो कर्जाच्या रकमेतच मिळवला जाई. म्हणजे विम्याचा खर्च आलाच, वर त्यावर कर्जाच्या दरानं व्याजही आलं. कर्ज मुदतीआधी फेडलं तरी विम्याचे पैसे हिशेबानुसार परत मिळतीलच असं नाही. मासिक हप्त्याचा एकच आकडा सांगितला जात असल्यानं त्यात विमा किती आणि मुद्दल किती, हे ग्राहकाला कळायला मार्ग नव्हता.

आणि ज्यांना तो विकला जाई त्यांतल्या कित्येकांना त्याचा उपयोगच होणार नव्हता. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला बेरोजगारीचं संरक्षण अनेकदा लागूच पडत नसे. आधीपासूनचा आजार वगळलेला असे. पाठदुखी आणि मानसिक ताण ही कामावरच्या रजेची नेहमीची कारणं, त्यांनाही अनेक पॉलिसींत जागा नव्हती. वयाची अट होती, आठवड्याला किती तास काम करता याची अट होती. सरकारी नोकराला आजारपणात पगार मिळतच असे, पण त्यालाही पॉलिसी दिली जाई. काउंटरवर किंवा फोनवर कुणी हे विचारत नव्हतं. अर्जातल्या चौकटीत आधीच खूण केलेली असे. विमा घेतला तर कर्ज लवकर मंजूर होईल, असं सुचवलं जाई. अनेकांना तर आपण विमा घेतलाय हेच माहीत नव्हतं.

ग्राहकांचे हे अनुभव सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्लासंस्थेच्या शाखांमध्ये रोज साचत होते. कर्जात बुडालेली माणसं कागदांची पिशवी घेऊन येत आणि त्या कागदांत हा विमा निघे. २००२च्या एंटरप्राइझ कायद्यानं मान्यताप्राप्त ग्राहक संस्थांना एक हत्यार दिलं होतं: अख्ख्या बाजाराविरुद्ध ‘महातक्रार’ करायची आणि तिला ९० दिवसांत उत्तर देणं सरकारी यंत्रणेला भाग पाडायचं. सप्टेंबर २००५मध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसनं पीपीआयविरुद्ध ते उपसलं. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून सर्वसाधारण विम्याची विक्री फायनान्शियल सर्व्हिसेस ऑथॉरिटी या तत्कालीन नियामकाच्या अखत्यारीत आली होती. तोवर हा धंदा बहुतांशी स्वतःच स्वतःवर देखरेख करत होता.

नियामकानं सुरुवातीला दंडाचा मार्ग धरला. २००७च्या जानेवारीत जीई कॅपिटल बँकेला ६ लाख १० हजार पौंड, वर्षभरानं एचएफसी बँकेला सुमारे १० लाख ८५ हजार. अशा रकमांनी कुणाची झोप उडणार नव्हती. ऑक्टोबर २००८मध्ये अलायन्स अँड लेस्टर बँकेला ७० लाखांचा दंड झाला आणि धंद्याची आतली रीत चव्हाट्यावर आली. या बँकेनं तीन वर्षांत सुमारे २ लाख १० हजार पॉलिसी विकल्या होत्या. सरासरी किंमत १,२६५ पौंड. विमा कशासाठी, असं ग्राहकानं विचारलंच तर त्याच्यावर दबाव कसा आणायचा, याचं कर्मचाऱ्यांना शिक्षण दिलेलं होतं.

स्पर्धा आयोगानं २००९च्या जानेवारीत मुळावरच घाव घातला. कर्ज देताना आणि त्यानंतर सात दिवस हा विमा विकायचा नाही, आणि एकरकमी हप्ता बंद. बार्कलेज बँक अपिलात गेली, एक मुद्दा फेरविचारासाठी परत आला आणि शेवटी हे नियम अमलात यायला २०११-१२ साल उजाडलं. पण पुढची विक्री थांबवणं वेगळं आणि मागची भरपाई देणं वेगळं.

भरपाईची खरी लढाई ऑगस्ट २०१०मध्ये जुंपली. तक्रारी कशा तपासायच्या याचे नियम नियामकानं जाहीर केले आणि ज्यांनी तक्रार केली नाही अशा ग्राहकांचाही विचार बँकांनी करावा, असं बजावलं. ब्रिटिश बँकर्स असोसिएशन कोर्टात गेली. विक्री झाली तेव्हा जे लेखी नियम होते ते आम्ही पाळले. आता सचोटीच्या मोघम तत्त्वांवर बोट ठेवून मागल्या तारखेनं आम्हाला दोषी धरता येणार नाही, असा बँकांचा युक्तिवाद. खटला चालू असताना कित्येक बँकांनी तक्रारी तशाच बांधून ठेवल्या. २० एप्रिल २०११ रोजी न्यायमूर्ती औसली यांनी हा युक्तिवाद फेटाळला. ग्राहकाशी न्यायानं वागण्याचं तत्त्व तपशिलातल्या नियमांच्याही वर असतं आणि ते कायम लागू असतं, हा निकालाचा गाभा.

पहिली माघार लॉइड्स बँकेनं घेतली. नवे प्रमुख अंतोनियो ओर्ता-ओसोरियो यांना सूत्रं हाती घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. ५ मे रोजी त्यांनी अपिलातून अंग काढून घेतलं आणि भरपाईसाठी ३.२ अब्ज पौंड बाजूला काढले. चार दिवसांत बँकांच्या संघटनेनंही अपिलाचा नाद सोडला.

त्यानंतर पूर आला. तक्रार करायला वकील लागत नव्हता. खातेक्रमांक, कर्जाचं साल आणि काही सरळ प्रश्नांची उत्तरं पुरेशी होती: विमा ऐच्छिक आहे हे सांगितलं होतं का, तेव्हा नोकरी होती का, आजार होता का, आजारपणात मालक पगार देत होता का. मार्टिन लुईस यांच्या मनीसेव्हिंगएक्स्पर्ट या संकेतस्थळानं पत्रांचे तयार नमुने फुकट उपलब्ध करून दिले. बँकेकडे उत्तराला आठ आठवडे. उत्तर पटलं नाही तर वित्तीय लोकपालाकडे जायला सहा महिने, तेही विनामूल्य. लोकपालाच्या चौकशीची फी बँकेच्या अंगावर पडे. २०१३-१४ या एका वर्षात लोकपालाकडे पीपीआयची सुमारे ४ लाख नवी प्रकरणं आली. तक्रार मान्य झाली की भरलेले सगळे हप्ते, त्यांवर भरलेलं व्याज आणि शिवाय वर्षाला ८ टक्के सरळ व्याज मिळे. या ८ टक्क्यांवर मात्र आयकर कापला जाई आणि जुनी थकबाकी असेल तर बँक ती आधी वळती करून घेई.

बँकांनी सगळे पैसे सुखासुखी दिले असं नाही. लॉइड्सनं तक्रारी तपासणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की आपली विक्रीची पद्धत निर्दोष होती, असंच गृहीत धरून चाला. या कारभारासाठी जून २०१५मध्ये तिला ११ कोटी ७० लाख पौंडांचा दंड झाला. क्लाइड्सडेल बँकेतल्या एका गटानं तर लोकपालाला पाठवायच्या संगणकी नोंदींच्या प्रतींतून पीपीआयची माहितीच गाळली. तिला २ कोटी ७ लाखांच्या आसपास दंड झाला.

मधल्यामध्ये हात धुऊन घेतले ते दावे मिळवून देणाऱ्या कंपन्यांनी. जे काम एका पत्रानं फुकटात होत होतं, त्यासाठी या कंपन्या भरपाईतले २५ ते ३० टक्के आणि वर कर घेत. गिऱ्हाईक शोधायला त्यांनी फोनचा मारा सुरू केला. प्रोडायल नावाच्या एका कंपनीनं ध्वनिमुद्रित निरोपाचे ४ कोटी ६० लाख फोन केले होते. २०१६मध्ये तिला साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. या कंपन्यांच्या फीवर २० टक्क्यांची मर्यादा आली ती जुलै २०१८मध्ये, मुदत संपायला जेमतेम वर्ष उरलं असताना.

तोवर एक प्रश्न अनुत्तरितच राहिला होता. विमा नीट समजावून विकला, पण कमिशन दडवलं, तर? ब्लॅक हॉर्स या लॉइड्सच्या कंपनीच्या खटल्यात १०,२०० पौंड हप्त्यापैकी ८७ टक्के कमिशन होतं, तरी २०११मध्ये अपील न्यायालयानं ग्राहकाच्या विरुद्ध निकाल दिला, कारण कमिशन सांगण्याची नियमांत सक्ती नव्हती. चित्र पालटलं ते प्लेव्हिन खटल्यानं. एकट्या राहणाऱ्या प्लेव्हिन नावाच्या एका विधवा प्राध्यापिकेच्या दारात दलालाचं पत्रक पडलं. त्याला प्रतिसाद देऊन २००६मध्ये तिनं पॅरागॉन कंपनीकडून ३४,००० पौंडांचं कर्ज घेतलं, दहा वर्षांच्या मुदतीनं. सोबत ५,७८० पौंडांचा विमा आला, तोही फक्त पाच वर्षांचा. या ५,७८० पौंडांतले १,८७० दलालानं घेतले, २,२८० पॅरागॉननं ठेवले आणि ज्या कंपनीनं खरोखर विम्याची जोखीम उचलली त्या नॉर्विच युनियनच्या हाती १,६३० उरले. कमिशन ७१.८ टक्के.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात लॉर्ड सम्प्शन यांनी निकाल दिला. कमिशन एका मर्यादेपलीकडे गेलं की ते न सांगणंच १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम १४०-अ नुसार अन्यायाचं ठरतं. ती मर्यादा नेमकी कुठे हे ठरवण्याची गरज नाही, कारण हा आकडा तिच्या फार पुढे आहे. ब्लॅक हॉर्सचा निकाल रद्दबातल झाला. पुढे नियामकानं ही मर्यादा ५० टक्क्यांवर आखली आणि त्यावरचं कमिशन परत देण्याचा नियम केला. आधी ज्यांच्या तक्रारी फेटाळल्या गेल्या होत्या अशांनाही त्यामुळे पुन्हा दार उघडलं. नियामकाची मुदत उलटून गेल्यावरही कोर्टाचा मार्ग काहींना मोकळा राहिला. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रेडिट कार्डाच्या दोन प्रकरणांत आरबीएसविरुद्ध (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) तसा निकाल दिला.

एकूण भरपाई ३८ अब्ज पौंडांच्या वर गेली. त्यात एकट्या लॉइड्सची तरतूद सुमारे २२ अब्जांची. तुलनेसाठी: बँकेचे माजी प्रमुख एरिक डॅनियल्स यांच्या २०१०च्या सुमारे साडेचौदा लाख पौंड बोनसपैकी ४० टक्के २०१२मध्ये परत घेण्यात आले. बाकीचा भार भागधारकांनी उचलला. २००८च्या संकटात सरकारनं वाचवलेल्या या बँकेत तेव्हा जवळपास ४० टक्के वाटा ब्रिटिश करदात्यांचा होता, आरबीएसमध्ये तर ८० टक्क्यांहून जास्त. म्हणजे फसवणूक झालेल्या माणसाला त्याच्याच एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घातल्यासारखी भरपाई काही अंशी मिळाली.

या सगळ्यातून कर्ज देणाऱ्यांनी धडा घेतला असं म्हणवत नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे गाड्यांच्या कर्जाची प्रकरणं होती. न्यायालयानं ग्राहकांचे बहुतेक मुद्दे नाकारले, पण एका ग्राहकाला त्याच कलम १४०-अ खाली न्याय दिला. त्याच्या कर्जाच्या एकूण खर्चाच्या ५५ टक्के रक्कम गाडी विकणाऱ्या दलालाचं कमिशन होती आणि त्याला ती कुणी सांगितली नव्हती. नियामकानं त्यानंतर गाडीकर्जांसाठी नव्या भरपाई योजनेचा आराखडा मांडला. पीपीआयवर वीस वर्षं दंड, आयोग, निकाल आणि मुदती झाल्या. दलालाला किती मिळतं, हा एक आकडा पहिल्याच दिवशी प्रत्येक कर्जपत्रावर छापायला लावला असता, तर त्यांतल्या बहुतेकांची गरजच पडली नसती.