इंग्रजी शब्दांची जडणघडण आणि आपण

“तुमचं मराठी किती छान आहे हो! उर्दूवाले वाटतच नाही,” असे आम्हाला अनेकदा ऐकवले जाते. म्हणणारे बहुधा सज्जन असतात आणि मनापासून कौतुक करीत असतात. कौतुकाबद्दल आभार मानावेत, की त्यामागचा समज दूर करावा, हे मात्र आम्हाला पटकन सुचत नाही. समज असा, की प्रत्येक भाषेचा एक शुद्ध गाभा असतो आणि बाहेरून आलेले त्यात कितीही वर्षे राहिले तरी बाहेरचेच असते.

हा समज तपासायचा तर मराठी किंवा उर्दूचा दाखला देऊन भागत नाही, कारण तिथे लगेच बाजू पडतात. म्हणून आम्ही दाखला इंग्रजीचा घेतो. तिच्यापुढे आज सगळेच अदबीने उभे राहतात. महाराष्ट्रात 2000-01 या शैक्षणिक वर्षापासून ती पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना आम्हाला दिसते, की मुले लांबलचक इंग्रजी शब्द पाहिला की बिचकतात. त्यावर उपाय एकच. शब्द फोडायचा, त्याचे सांधे दाखवायचे.

‘अनबिलीव्हेबल’ हा शब्द घ्या. अर्थ, विश्वास न बसण्याजोगा. त्याचे तीन तुकडे पडतात. ‘अन’ म्हणजे नकार, ‘बिलीव्ह’ म्हणजे विश्वास ठेवणे आणि ‘एबल’ म्हणजे जोगा. मुलांना एवढे पुरते. पण या तीन तुकड्यांची कुळे विचारली, तर इंग्लंडचा हजार वर्षांचा इतिहास उलगडतो. पहिले दोन तुकडे जुन्या इंग्रजीचे, घरचे. तिसरा फ्रेंचांनी आणलेला.

आधी घरच्यांचे पाहू. जुन्या इंग्रजीत आज प्रत्यय म्हणून उरलेले कितीतरी तुकडे एकेकाळी स्वतंत्र शब्द होते. ‘चाइल्डहुड’मधला ‘हुड’ म्हणजे दर्जा, अवस्था. ‘किंगडम’ आणि ‘फ्रीडम’मधला ‘डम’ म्हणजे मुळात न्याय, निवाडा. ‘होमलेस’मधल्या ‘लेस’चा ‘कमी’ अर्थाच्या शब्दाशी संबंध नाही; तो ‘विरहित’ अशा अर्थाचा वेगळाच जुना शब्द आहे. म्हणून ‘होमलेस’ म्हणजे घर कमी पडणारा नव्हे, घरच नसलेला. आणि ‘फ्रेंडली’तला ‘ली’? तो ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ होता शरीर. शब्द झिजत झिजत प्रत्यय होतो, तो असा.

मग आले 1066 साल. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार आणि कायदा यांची भाषा फ्रेंच झाली, ती पुढे सुमारे तीन शतके. खेड्यापाड्यांतली रयत इंग्रजीच बोलत राहिली. 1362 साली कायदा झाला, की न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत, कारण पक्षकारांना फ्रेंच समजत नाही. गंमत अशी, की हा कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. आपल्याकडच्या फारसीची आठवण व्हावी असेच हे चित्र आहे.

या काळात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. ‘प्रॉफिटेबल’, ‘रीझनेबल’ असे शब्द अखंडच आले होते. लोकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकले आणि शेवटचा तुकडा सगळीकडे सारखाच आहे, हे त्यांच्या कानांनी टिपले. मग कुणा व्याकरणकाराला न विचारता त्यांनी तो तुकडा सुटा केला आणि आपल्या घरच्या धातूंना लावला. ‘ईट’ घरचा, त्याचे झाले ‘ईटेबल’. ‘रीड’चे झाले ‘रीडेबल’. ‘गॉड’ला फ्रेंच स्त्रीप्रत्यय लागून ‘गॉडेस’ झाली. उलट दिशेनेही सोयरीक झाली. ‘ब्यूटी’ फ्रेंच, तिला इंग्रजी ‘फुल’ लागले आणि ‘ब्यूटिफुल’ हा शब्द जन्मला.

आमच्या मते भाषेचा इतिहास समजण्याची किल्ली इथे आहे. परका शब्द उसना घेतला, तर तो पाहुणा म्हणता येईल. पण त्याचा तुकडा सुटा होऊन घरच्या शब्दाला लागला आणि त्यातून नवा शब्द झाला, तर त्याला पाहुणा कसे म्हणायचे? तो घरचा झाला. आता त्याला काढायचे तर भिंतच पाडावी लागेल.

भिंत पाडण्याचे प्रयत्न इंग्लंडातही झाले. केंब्रिजमध्ये ग्रीकचे प्राध्यापक असलेले सर जॉन चीक यांना लॅटिन-ग्रीक शब्दांची भरती खुपत होती. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा अनुवाद करताना ‘सेंच्युरियन’ या रोमन शतनायकासाठी ‘हंड्रेडर’ आणि ‘ल्यूनॅटिक’साठी ‘मून्ड’ असे घरच्या तुकड्यांचे शब्द योजले. ते रुजले नाहीत. 1557 साली एका पत्रात त्यांनी भाषा उसनवारीपासून शुद्ध राहावी असे कळकळीने मांडले. त्या मागणीसाठी त्यांनी जो ‘प्युअर’ हा शब्द वापरला, तो फ्रेंचांकडून उसना आलेला होता!

एकोणिसाव्या शतकात डॉर्सेटचे पाद्री आणि कवी विल्यम बार्न्स यांनीही हाच ध्यास घेतला. ‘ग्रामर’ हा शब्द ग्रीक मुळाचा म्हणून 1878 साली त्यांनी व्याकरणाच्या आपल्या पुस्तकाच्या नावात ‘स्पीचक्राफ्ट’ घातले. ‘ऑम्निबस’ या वाहनाला ते ‘फोकवेन’ म्हणत, म्हणजे लोकांची गाडी. शब्द वाईट नाही. पण फोकवेन धावली नाही, बस धावली.

त्या ‘बस’ची कथाही ऐकण्याजोगी आहे. लॅटिनमध्ये ‘ऑम्निबस’ म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. त्यातला ‘बस’ हा नुसता चतुर्थी बहुवचनाच्या प्रत्ययाचा शेपटीचा भाग. मराठीत ‘सर्वांना’ असे नाव एखाद्या गाडीला द्यावे आणि लोकांनी पुढे तिला नुसते ‘ना’ म्हणावे, तसे हे झाले. त्या अर्थहीन शेपटीला अर्थ मिळाला, ‘मिनिबस’सारखी पोरेबाळे झाली आणि आज आपण गावच्या फाट्यावर तिचीच वाट पाहत उभे असतो.

आता आपल्या जवळच्या तुकड्याकडे वळू. अरबीत नामाआधी ‘अल्’ लागतो. बगदादमध्ये खलिफा मामून यांच्या कारकिर्दीत अल्-ख्वारिज्मी यांनी हिशेबाचा जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ‘अल्-जब्र’ हा शब्द होता. अर्थ, मोडलेले पुन्हा जोडणे. मोडलेले हाड बसवण्यालाही हाच शब्द. 1145 साली स्पेनमधील सेगोव्हिया येथे रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी त्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद केला आणि युरोपला ‘अल्जिब्रा’ मिळाला. खुद्द ग्रंथकाराच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ झाला. राखेसाठीच्या ‘अल्-कली’वरून ‘अल्कली’ झाला. पोटॅशियमची ‘के’ ही खूण त्याच ‘कली’ची. ‘ॲडमिरल’मध्ये तर ‘अमीर-अल्’मधला ‘अल्’ शेवटी लोंबकळत राहिला. ज्याच्या आधी तो यायचा ते नाव गळून पडले, हा तेवढा उरला.

ऐकणाऱ्यांना ‘अल्’ हा वेगळा तुकडा आहे, हेच माहीत नव्हते. म्हणून तो शब्दाशी एकजीव झाला. सर्वांत मजेशीर गत ‘अल्-कुहल’ची, म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्याची. बारीक भुकटीचे हे नाव पुढे अर्काला मिळाले आणि शेवटी ‘अल्कोहोल’ दारूला चिकटले. विसाव्या शतकात अमेरिकेत ‘अल्कोहोलिक’च्या धर्तीवर कामाचे व्यसन जडलेल्याला ‘वर्कहोलिक’ म्हणू लागले. 1971 साली वेन ओट्स यांचे त्या नावाचे पुस्तकच आले. म्हणजे इंग्रजीभाषकांनी शब्द भलत्याच सांध्यावर कापला. ‘होलिक’ या तुकड्याला अरबीत काहीच अर्थ नाही. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ व्यसनी.

अरबी स्वतः असे मणी ओवून शब्द घडवीत नाही. ऐन-लाम-मीम ही तीन मुळाक्षरे घेऊन ती त्यांना वेगवेगळ्या साच्यांत ओतते, आणि इल्म, आलिम, मालूम, मुअल्लिम, तालीम असे शब्द होतात. यातली ‘तालीम’ मराठीत आली ती शिक्षण म्हणून नव्हे, आखाडा म्हणून! आणि मराठीला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

इथवर आलो की मराठीकडे पाहायला धीर येतो. आपल्याकडेही शुद्धीचे प्रयत्न झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. राजाने राज्याची परिभाषा ठरवावी यात गैर काही नाही. पण ज्या पदाला ‘प्रधान’ हे नाव दिले गेले, त्या पदावरील घराण्याला अठराव्या शतकात सारा मुलूख ‘पेशवे’ म्हणूनच ओळखत राहिला. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीतून ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द आले. ते रुजले, आम्हीही वापरतो. नव्या शब्दाशी आमचे वैर नाही.

पण सुट्या झालेल्या तुकड्यांचे काय? ‘दार’ फारसी, ‘पाणी’ आपले. दोन्ही मिळून ‘पाणीदार’. ‘चव’ आपली, म्हणून ‘चवदार’. ‘गैर’ अरबी, ‘समज’ आणि ‘सोय’ आपल्या; ‘गैरसमज’, ‘गैरसोय’. ‘बे’ला ‘भान’ जोडून ‘बेभान’, ‘खाना’ला ‘छाप’ जोडून ‘छापखाना’. हे शब्द इराणातून आलेले नाहीत. ते इथेच, मराठी माणसाच्या तोंडात घडले. ते घडवताना मराठी माणसाने कुणाचा धर्म विचारला नाही. तेव्हा त्यांतला कोणता अर्धा भाग परका म्हणून बाजूला काढणार? काढला तर हातात नुसते ‘पाणी’ राहील, ‘पाणीदार’ काही उरणार नाही.

आम्ही वर्गात फळ्यावर मधोमध ‘अनबिलीव्हेबल’ लिहितो आणि शेजारी ‘गैरसमज’. मुले दोन्ही फोडतात. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारी ही मुले ‘गैर’ ओळखतात, ‘समज’ही ओळखतात. हा शब्द त्यांना कुणी समजावून द्यावा लागत नाही. यापुढे कुणी आमच्या मराठीचे कौतुक केले, तर आम्ही आभार मानू आणि एवढेच म्हणू, की साहेब, ‘गैरसमज’ हा शब्द एकदा फोडून बघा. त्यातला अर्धा वाटा आमच्याकडून आला आहे, अर्धा तुमच्याकडून. आणि आता तो दोघांचाही आहे.