कालखंड कुठून सुरू करायचा? टाहो सरोवराकाठच्या एका वाटेचं उदाहरण

सिनॉप्सिसमध्ये 'अभ्यासाचा कालखंड' असा एक रकाना असतो. बरेच जण तो शेवटी, घाईघाईत भरतात. पण सुरुवातीचं साल बदललं की कधी कधी प्रश्नच बदलतो. कसा, ते एका डोंगरवाटेवरून बघा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर टाहो सरोवर आहे. त्याच्याभोवती डोंगरमाथ्यांवरून सुमारे २६५ किलोमीटरची 'टाहो रिम ट्रेल' जाते. ती २००१ साली पूर्ण झाली. तिच्यावर टाहो मेडोज ते टनेल क्रीक या टप्प्यात माउंटन बाइक फक्त सम तारखांना चालवता येते. चालणाऱ्यांना मात्र सगळे दिवस मोकळे. वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९, म्हणजे हिशोब तिथेही सायकलवाल्यांच्या विरोधातच जातो!

आता तुम्ही १९८० च्या दशकापासून सुरुवात केलीत तर विषय होतो 'सायकलस्वार आणि पादचारी यांच्यातला वाद'. माउंटन बाइक तेव्हा नुकत्याच बाजारात आल्या होत्या. वेग, वळणावरची धडक, बिथरणारे घोडे, मातीची धूप: सगळे मुद्दे खरे आहेत, पण प्रबंध पंचायतीच्या निवाड्यासारखा होण्याची भीती.

१९६४ पासून सुरू करून बघा. त्या वर्षी वाइल्डरनेस कायदा आला आणि संरक्षित रानात मोटारींबरोबर 'यांत्रिक वाहतुकी'च्या इतर प्रकारांवरही बंदी आली. सायकल यांत्रिक आहे का? कायद्यात तिचं नाव नाही. १९६६ मध्ये वन सेवेने नियम केले, त्यात यांत्रिक वाहतूक म्हणजे निर्जीव शक्तीवर चालणारं साधन, अशी व्याख्या होती. सायकल तर पायांनी चालते, म्हणजे ती सुटली. पण १९८४ पर्यंत त्याच खात्याच्या नियमांनी सायकलला स्पष्टपणे बाहेर काढलं. मूळ कायद्यातले शब्द तेच, अर्थ मात्र वीस वर्षांत उलटा. टाहो मेडोजच्या उत्तरेला, रस्त्यापलीकडे, हीच वाट माउंट रोझच्या संरक्षित रानात शिरते आणि तिथे तारीख सम असली तरी सायकल नेता येत नाही. म्हणून कायदा वाचताना त्याचं साल बघून थांबू नका, त्याखालचे नियम वर्षवार लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळी गंमत तिथेच आहे.

अजून मागे जाऊ. सरोवराच्या पूर्वेला नेवाडाच्या स्टेट पार्कमध्ये 'फ्लूम ट्रेल' आहे. पाण्यापासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर, कड्याला चिकटलेली आणि तरीही जवळपास सपाट. डोंगरात एवढी सपाटी आपोआप येत नाही. १८५९ मध्ये व्हर्जिनिया सिटीजवळ चांदी सापडली. खाणींना टेकूसाठी लाकूड हवं होतं आणि शहराला पाणी. त्यासाठी १८७० च्या दशकापासून इथे लाकडी पाट बांधले गेले. पाण्याला हळूहळू उतार लागतो, म्हणून वाट सपाट. पुढे पाट मोडले, आणि १९८० च्या दशकात ती बुजलेली पट्टी सायकलवाल्यांनीच साफ केली. म्हणजे ज्यांना 'नव्याने घुसलेले' म्हटलं जातं, त्यांनीच ही वाट पुन्हा उघडली. आणि ज्याला आज निसर्ग म्हणून जपतात, ते पूर्व किनाऱ्यावरचं जंगल बरंचसं त्या तोडीनंतर पुन्हा वाढलेलं आहे.

त्याही आधी हे सरोवर वाशो लोकांच्या प्रदेशाचं केंद्र होतं. मासेमारीसाठी ते उन्हाळ्यात इथे येत. तोडीने आणि वसाहतीने त्यांचं येणंजाणं आक्रसलं. 'बहुउपयोगी वाट' म्हणताना जे उपयोग मोजले जातात ते फिरायला येणाऱ्यांचे: चालणं, घोडा, सायकल. वाशोंचा उपयोग त्या यादीत बसत नाही.

मला विचाराल तर पीएचडीसाठी मी १९६६ ते १९८४ हाच तुकडा घेईन, कारण साधनं ठोस आहेत आणि प्रश्न आवाक्यातला आहे. पण मग वाशोंना 'पार्श्वभूमी' नावाच्या दोन पानांत ढकलून चालणार नाही. हा तुकडा निवडल्याने ते का वगळले जातात, हे त्या रकान्याखालीच लिहावं लागेल. मार्गदर्शक तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.