कासवाची पेटी आणि मुडदुसाचा दिवा

(पोस्ट मोठी आहे. घरात कासव असेल किंवा आणायचा विचार असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

मी पाचवीत असताना आमच्या घरी एक कासव आलं. कुठून आणलं, हे त्या काळी कुणी विचारत नसे. तळहाताएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात लक्ष्मी आली म्हणून आजी खूश. माशांची काचेची टाकी रिकामी पडली होती. तिच्यात चार बोटं पाणी भरलं आणि त्याला सोडून दिलं. वर ट्यूबलाइट, खायला काकडी-टोमॅटो. काही महिन्यांनी त्याची पाठ बोटाने दाबली की दबायला लागली. पावसाळ्यात ते गेलं. "तेवढंच आयुष्य होतं बिचाऱ्याचं," आजी म्हणाली. तसं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

परवा आतेभावाच्या मुलाने सल्काटा जातीच्या पिल्लाचा फोटो पाठवला. "काका, याला घरात कसं ठेवायचं?" त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतोय. पण आधी थोडं इतिहासात जाऊ, कारण कासवाच्या पेटीतली एकेक वस्तू म्हणजे आधी कुणीतरी केलेल्या चुकीची दुरुस्ती आहे.

सुरुवात इंग्लंडपासून. सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांना १७८० साली आत्याचं कासव वारशात मिळालं. नाव टिमथी. व्हाइट रोज नोंदी ठेवायचे. नोव्हेंबरच्या मध्याला ते जमिनीत शिरतं, एप्रिलच्या मध्याला वर येतं, पाऊस टाळतं, ऊन शोधतं. शरीराची ऊब ते स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतं, हे या नोंदींत स्वच्छ दिसतं. व्हाइट १७९३ मध्ये गेले, टिमथी पुढच्या वर्षी. मेल्यावर कळलं की ती मादी होती! तिचं कवच आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.

टिमथीला बाग होती आणि तिच्याकडे बारकाईने बघणारा माणूस होता. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कासव स्वस्त खेळणं झालं. मोरोक्कोतून, तुर्कस्तानातून खोकी भरभरून कासवं यायची आणि पोरांसाठी विकली जायची. त्यातली कितीतरी पहिला हिवाळासुद्धा काढू शकली नाहीत. अखेर १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने भूमध्य सागराच्या परिसरातल्या कासवांची ही आयात बंद केली.

मग लोक घरातच पिल्लं वाढवू लागले. बल्ब लावून ऊब दिली, तरी पाठी मऊ पडत होत्या, पाय वाकत होते. आमच्या कासवासारखंच. याचं उत्तर खरं तर कधीच सापडलेलं होतं, पण माणसाच्या दवाखान्यात.

धुराने काळवंडलेल्या युरोपीय शहरांतल्या मुलांना मुडदूस व्हायचा. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने अशा मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवलं आणि हाडं भरून आली. गंमत म्हणजे दिवा एकाच हातावर धरला, तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं! म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. तेच ड जीवनसत्त्व. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. कासवाचं कवच म्हणजेही हाडच. त्यातले यूव्हीबी किरण देणाऱ्या, खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच्या नळ्या बाजारात रुळल्या त्या १९९० च्या दशकात. माणसाच्या पोराला मिळालेला उजेड कासवाच्या पोरापर्यंत यायला सत्तर वर्षं लागली.

आणि हे किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. गॅलरीच्या बंद काचेमागे "उन्हात" ठेवलेलं कासव त्या अर्थाने अंधारातच असतं.

शेवटची दुरुस्ती अगदी अलीकडची. घरात वाढलेल्या कासवांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे यायचे. सगळे म्हणायचे, प्रथिनं जास्त झाली. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या वीझनर आणि इबेन या संशोधकांनी सल्काटाच्याच पिल्लांवर प्रयोग प्रसिद्ध केला. प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला, खरा फरक हवेतल्या ओलाव्याने पडत होता. वाळवंटाच्या कडेचा प्राणी म्हणून लोक पिल्लाला कोरडंठाक ठेवत होते. पण रानात उन्हाच्या वेळी तो बिळात असतो, आणि बिळात ओल असते.

आता पुतण्याला सांगितलेली पेटी. काचेची टाकी नको, पलीकडचं दिसतं म्हणून पिल्लू दिवसभर काचेला धडका देत बसतं. लाकडाची किंवा प्लास्टिकची रुंद, बुटकी पेटी घ्यायची, लांबी निदान तीन-चार फूट. एका टोकाला तापणारा दिवा, त्याखाली ३२ ते ३५ अंश. दुसरं टोक २५ च्या आसपास. कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवेल. वर यूव्हीबीची नळी, मध्ये काच नाही. नळी साधारण वर्षाने बदलायची, कारण उजेड दिसत राहतो पण किरण कमी झालेले असतात. खाली माती आणि कोकोपीट, किंचित ओलसर. एक अंधारी, दमट खोपट. उथळ ताटलीत पाणी, आणि कोमट पाण्यात रोज थोडा वेळ बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली. खायला मुख्यतः गवत, जोडीला जास्वंदीची पानं, फड्या निवडुंग. फळं नकोत.

एवढं सगळं सांगून शेवटी त्याला विचारलं, "कागद आहेत का रे?"

कारण आमच्या घरी होतं ते स्टार कासव आपल्या वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग पेटी कितीही उत्तम असो. साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानेही २०१९ मध्ये त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं, इतकी त्याची तस्करी होते. सल्काटा परदेशी, पण तोही साइट्सच्या यादीत आहे. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या नियमांनुसार अशा प्राण्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. शिवाय आज मुठीत मावणारं हे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोंचं होतं आणि आपल्यापेक्षा जास्त जगू शकतं. टू-बीएचकेत त्याला कुठे ठेवणार?

पुतण्याचा अजून रिप्लाय नाही. बहुधा कागद शोधत असावा.

आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं. त्याला ना ऊन लागतं ना ओल, कारण ते दगडाचं आहे. घरात लक्ष्मी हवी म्हणून कासव आणणाऱ्यांनी तसलंच आणावं, पितळेचंही चालेल. आणि स्टार कासव आधीच घरात असेल, तर गुपचूप तळ्यात सोडू नका. ते जमिनीवरचं आहे, बुडून मरेल. वन विभागाला कळवा.

आमच्या कासवाचं आम्ही नावसुद्धा ठेवलं नव्हतं.