कार्बन हिशेब, अन्न व पेय उद्योगातील

खाद्यपदार्थ किंवा पेय तयार होऊन ग्राहकापर्यंत पोचताना, आणि पुढे त्याचे वेष्टन कचऱ्यात जाईपर्यंत, वातावरणात किती हरितगृह वायू सुटले ते मोजून कंपनीच्या अहवालात मांडण्याची पद्धत आणि त्यासाठीची संगणकप्रणाली. सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणले जातात. शंभर वर्षांच्या हिशेबात जनावराच्या रवंथातून निघणारा एक किलो मिथेन २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात, तर खत घातलेल्या जमिनीतून निघणारा एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोइतका. सिमेंटच्या कारखान्यात भट्टीपाशी उभे राहिले की बराचसा हिशेब लागतो. दह्याचा हिशेब लागायला गोठ्यापर्यंत जावे लागते.

या हिशेबाची सर्वात रुळलेली चौकट म्हणजे ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी कंपन्यांसाठीचे तिचे मानक २००१ मध्ये काढले. त्यात उत्सर्जनाचे तीन ‘स्कोप’ आहेत. बॉयलर, स्वतःच्या गाड्या आणि शीतगृहातली गळती पहिल्यात येते, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचे उरलेले सगळे तिसऱ्यात. पहिल्या स्कोपला कमी लेखून चालत नाही. शीतगृहांत वापरला जाणारा आर-४०४ए हा वायू दहा किलो गळला तरी ती गळती सुमारे ३९ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची ठरते. तरीही बहुतेक खाद्यकंपन्यांचा सर्वात मोठा आकडा तिसऱ्या स्कोपमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात असतो.

हा हिशेब कशासाठी करायचा, हे ब्रिटनमधल्या वॉकर्स या वेफर्स कंपनीच्या उदाहरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते. २००७ मध्ये कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या मदतीने तिने आपल्या छोट्या पाकिटावर ७५ ग्रॅम हा कार्बनचा आकडा छापला. तो काढताना एक गोष्ट हाती लागली. शेतकऱ्याला बटाट्याचे पैसे वजनावर मिळत, म्हणून बटाटे दमट हवेच्या कोठारात साठवले जात. पाणी धरलेला बटाटा काट्यावर जड भरे. कोठारातला दमटपणा राखायला ऊर्जा लागे आणि तेच पाणी कढईत उडवायला पुन्हा जास्त इंधन लागे. दोष शेतकऱ्याचा नव्हता, भाव ठरवण्याच्या रीतीचा होता. हिशेब मांडला नसता तर हा दुहेरी खर्च कुणाच्या नजरेस आला नसता.

त्याच वर्षी टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने आपल्या ७०,००० वस्तूंवर असा आकडा छापण्याचे जाहीर केले. एकेका वस्तूच्या अभ्यासाला काही महिने लागत. इतर दुकानेही मागून आली नाहीत, आणि २०१२ मध्ये टेस्कोने तो नाद सोडला. हाताने केलेला अभ्यास हजारो वस्तूंना पुरा पडत नाही, हे तेव्हा कळले. संगणकप्रणालीची गरज नेमकी इथे आहे.

प्रणालीचे गणित साधे आहे: वापर गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका एककामागे सुटणारा वायू. भारतीय ग्रीडच्या एका युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर लाख युनिटांचे ७० टन होतात. विजेचा हा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या माहितीतून मिळतो. अन्नासाठी फ्रान्सची अ‍ॅग्रिबालीजसारखी माहितीकोठारे आहेत. युनिलिव्हर आणि अ‍ॅबर्डीन विद्यापीठ यांच्या सहभागातून उभे राहिलेले ‘कूल फार्म टूल’ थेट शेताचे खत, पाणी आणि जनावरे विचारते. स्वीडनच्या कार्बनक्लाउडसारख्या कंपन्या खास अन्नासाठी काम करतात, तर एसएपी, मायक्रोसॉफ्ट यांची साधने सर्वच उद्योगांसाठी आहेत.

खरी अडचण भरलेल्या माहितीत असते. शेताची नोंद नसली की अनेकदा खरेदीचे रुपयेच गुणांकाने गुणले जातात. मग कांद्याचा भाव दुप्पट झाला की कंपनीचा कार्बनही कागदावर दुप्पट होतो, शेतात मात्र तसूभर फरक पडलेला नसतो. देशाची सरासरी वापरली तर चांगला आणि वाईट शेतकरी एकाच ओळीत बसतात. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती जमवून २०१८ मध्ये दाखवले की एकाच पदार्थाच्या उत्पादकांमध्ये पर्यावरणावरच्या भाराचा फरक ५० पटींपर्यंत जातो. सरासरी हा फरक पुसून टाकते.

वाटणीचा प्रश्नही चिवट आहे. साखर कारखान्यात एकाच उसातून साखर, मळी आणि बगॅस (रस काढल्यावर उरलेला चोथा) निघतात. उसाचा भार तिघांवर वजनाने वाटायचा की किमतीने, यावर साखरेचा आकडा बदलतो. बगॅस जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला म्हणून स्कोपांबाहेर वेगळा दाखवतात, पण त्या ज्वलनातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड पहिल्या स्कोपमध्येच मोजावा लागतो.

भारतात सेबी या भांडवल बाजार नियामकाने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा अहवाल सक्तीचा केला. त्यात पहिले दोन स्कोप आवश्यक आहेत, तिसरा ऐच्छिक. पुरवठा साखळीची माहिती मोठ्या कंपन्यांकडून घेण्याचे २०२३ मध्ये ठरले होते, तेही २०२५ मध्ये ऐच्छिक झाले. खाद्यकंपन्यांच्या बाबतीत ही सवलत महागात पडणारी आहे, कारण त्यांचा बहुतांश भार तिथेच आहे.

दुधात ते सर्वात ठळक दिसते. डॅनोन या फ्रेंच कंपनीने २०३० पर्यंत ताज्या दुधातला मिथेन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी उतरवण्याचे जाहीर केले आहे. त्यासाठी तिला गायीच्या आहाराची नोंद हवी. महाराष्ट्रातल्या गावच्या दूध संस्थेत सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) रोज सकाळ-संध्याकाळ नोंदले जातात, कारण भाव त्यावर ठरतो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांकही असतो. पण गायीने काल कडबा खाल्ला की मका, पेंड किती आणि शेण कुठे पडले, यावर दुधाचा भाव ठरत नाही, आणि संस्थेच्या वहीत त्याला रकाना नाही.