ऋषीचं कूळ, फुलाचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपण म्हणतो. नॉर्वेकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ही म्हण ठाऊक नसावी. त्यांनी एका वीतभरही नसलेल्या रोपाचं कूळ पार गुणसूत्रांपर्यंत खणून काढलं.

रोपाचं नाव सॅक्सिफ्रागा स्वालबार्डेन्सिस. सॅक्सिफ्रागा म्हणजे लॅटिनमध्ये दगड फोडणारी. मुतखड्यावर आपले वैद्य देतात तो हिमालयातला पाषाणभेद याच कुळातला, आणि नावाचा अर्थही तोच. युरोपातही या झाडांचा काढा मुतखड्यावरच देत. उसनवारी कुणी कुणाकडून केली म्हणण्यापेक्षा दुखणं सगळीकडे सारखंच, असं मी म्हणेन.

1975 साली हे रोप वेगळी जात म्हणून नोंदलं गेलं. आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार्ड बेटांवाचून ते जगात कुठेच उगवत नाही. अशी झाडं दिसली की जुने अभ्यासक सांगत, हिमयुगात बर्फातून डोकावणाऱ्या शिखरांवर ही तग धरून राहिली असणार. दुर्मिळ म्हणजे पुरातन, असा तो हिशेब. गोष्ट मोठी देखणी होती.

1998 मध्ये क्रिस्टियान ब्रोकमान आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला आणि ती गोष्ट लंगडी पडली. हे रोप निघालं चक्क संकर. पालकांपैकी एक सर्नुआ, म्हणजे मान झुकवलेली: शेंड्याला बहुधा एकच पांढरं फूल, आणि खाली पानांच्या बगलेत लालसर कंदिका. त्या गळून पडतात आणि त्यांचीच रोपं होतात. परागकण, कीटक, कशाचीच वाट पाहावी लागत नाही. आर्क्टिकच्या तुटपुंज्या उन्हाळ्यात ही सोय लाखमोलाची. दुसरी रिव्ह्युलॅरिस, ओढ्याकाठची, बी धरणारी. दोघीही उत्तरेत सर्रास आढळणाऱ्या. त्यांचा मेळ बसायला हिमयुगातल्या आसऱ्याची गरजच नाही.

पुढे 2000 साली आणखी गंमत कळली. नॉर्वेच्या ओपडाल भागातली ओपडालेन्सिस ही दुसरी दुर्मिळ जात याच जोडीतून, पण स्वतंत्रपणे जन्मली आहे. भावंडंच, फक्त एकमेकांना न भेटलेली.

स्वालबार्डच्या या लेकराने वारसा घेतला तो सर्नुआचा. त्याचा वंश चालतो कंदिकांवर. फुलतं, पण बियांच्या नावाने जवळजवळ शून्य. याच बेटांवर 2008 मध्ये जगभरच्या पिकांचं बियाणं जपणारं भांडार डोंगराच्या पोटात उघडलं. तिथे ठेवायला या रोपाकडे काहीच नाही.